लक्ष्य कुणी सोडायचं?

दहा मीटरच्या एअर रायफल हॉलमध्ये लक्ष्य जागच्या जागी असतं आणि हलतो तो नेमबाज. श्वास, नाडीचे ठोके, अवघडलेला खांदा, पायाखाली सरकणारं वजन. वर्षानुवर्षांचा सराव असतो तो हे हलणं कमी करण्यासाठी. मग अशा हॉलमध्ये लक्ष्यच हलवायचं कशाला, असं पालक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पळत्या लक्ष्यावरची नेमबाजी ऑलिंपिकमध्ये फार जुनी. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘धावतं हरीण’ हा प्रकार होता. त्यात स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवलं, १९१२ मध्ये चौसष्टाव्या वर्षी सांघिक सुवर्ण आणि १९२० मध्ये बहात्तराव्या वर्षी सांघिक रौप्य. पुढे १९७२ ते १९८८ पर्यंत ५० मीटरवर आणि १९९२ ते २००४ पर्यंत १० मीटरवर, एअर रायफलने, हा प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. अथेन्सनंतर तो तिथून गेला, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र आहे.

आमच्या कोल्हापूरचं म्हणाल, तर तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये कांस्य. दोन्ही प्रकार स्थिर लक्ष्याचे. राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकार वेगळा. त्याच्या रॅपिड भागात लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद लपतं. तेवढ्या तीन सेकंदांत हात पंचेचाळीस अंशांतून वर यायचा, नेम बसायचा आणि ट्रिगर दाबला जायचा. २०१८च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत राहीने याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये पिस्तूल हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलीला लपणारं लक्ष्य हवं असतं.

आमच्या छोट्या क्लबमध्ये नेमबाजी शिकवतात त्या मॅडम. यंत्रं, तारा, दिवे, पुल्या हे खातं माझ्याकडे. भिंतीलगतची शेवटची लेन हलत्या लक्ष्यासाठी राखून ठेवली आहे. तिथे दोरीपासून सेन्सरपर्यंत लक्ष्य सोडण्याचे बरेच मार्ग वापरून झाले. लक्ष्य पळवणं सोपं असतं, कस लागतो तो ते सोडताना. दर वेळी ते तेवढ्याच वेळात सुटलं पाहिजे, सोडणारा हात ठरलेला पाहिजे आणि बिघाड झालाच तर लक्ष्य जागेवर थांबलेलं पाहिजे. पुढे जे लिहितो आहे ते या तीन गोष्टींसाठी केलेल्या खटपटीतून हाती आलेलं आहे.

१. आधी माणूस ठरवा, बटण नंतर

लक्ष्य सोडण्याचा निर्णय चौघांपैकी कुणाचा तरी असतो. नेमबाजाचा, पंचाचा किंवा कोचचा, यंत्राचा, नाहीतर झाडलेल्या गोळीचा. ट्रॅप नेमबाजीत नेमबाज आवाज देतो, समोरचा मायक्रोफोन तो पकडतो आणि खंदकातून तबकडी उडते. २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड भागात पंच ‘अटेन्शन’ म्हणतो, लाल दिवा लागतो, सात सेकंद जातात आणि हिरवा होतो. कागदी लक्ष्यं असतील तर ती तेवढा वेळ कड दाखवून उभी असतात आणि मग एकदम तोंड वळवतात. प्रॅक्टिकल शूटिंग म्हणून एक प्रकार आहे, त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. त्यात नेमबाजाचीच गोळी पॉपर नावाच्या लोखंडी पाट्याला लागते, पाटा पडता पडता तार ओढतो आणि दुसरीकडे झुलतं लक्ष्य मोकळं होतं.

या प्रत्येकातून मुलं वेगळी गोष्ट शिकतात. स्वतः आवाज देणारा नेमबाज ‘मी तयार आहे का’ हे स्वतःला विचारायला शिकतो. पंचाच्या हुकमावर थांबणारा वाट बघायला शिकतो, आणि सात सेकंद शांत उभं राहणं वाटतं तितकं सोपं नसतं. गोळीने लक्ष्य सोडणाऱ्याला पहिला नेम धरतानाच दुसऱ्याचा विचार करावा लागतो. म्हणून कोणतंही सामान आणण्याआधी मी मॅडमना विचारतो, की या महिन्यात मुलांना काय शिकवायचं आहे. त्यांनी ‘वाट बघणं’ म्हटलं की पेडल आणि सेन्सर कपाटात जातात आणि बटण त्यांच्या हातात.

२. सुरुवात सायकलच्या ब्रेक केबलने करा

सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे हाताने पिन ओढणं. लक्ष्याच्या दांड्याला एक भोक, त्यातून आरपार पिन, पिनेला तार आणि तारेचं टोक फायरिंग लाइनच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. वीज नाही, सर्किट नाही. पिन निघाली की लक्ष्य सुटलं.

पण तार कोणती, यावर पुष्कळ काही ठरतं. पहिल्यांदा सगळेच नायलॉनची दोरी बांधतात. नायलॉन ताणलं की लांबतं आणि ओलावाही शोषतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हीच दोरी सैल पडते आणि हात ओढल्यानंतर पिन निघायला वेळ लागतो, तोही रोज वेगळा. सायकलच्या ब्रेकची केबल आवरणासकट वापरली की हा प्रश्न मिटतो. आतली तार पोलादी असल्याने ताणत नाही, बाहेरचं आवरण वळणावर तिला धरून ठेवतं. लांब अंतरासाठी दुकानदाराकडून आवरणाचं सलग भेंडोळं मागून घ्यावं, तुकडे जोडू नयेत.

केबल भिंतीवरून किंवा छताखालून न्यायची, जमिनीवरून कधीही नाही. हातात भरलेली रायफल घेतलेल्या मुलाच्या पायाजवळ तार असता कामा नये.

आणि पिन. लेथवर कापून आणलेल्या पिनेवर बारीक आडव्या रेषा राहतात, त्या भोकाच्या काठाला अडकतात. बोटाला अजिबात खरखर लागू नये इतकी ती बारीक पॉलिश पेपरने घासावी, टोक किंचित निमुळतं करावं आणि वर ग्रीस न लावता कोरडं ग्रॅफाइट चोळावं. ग्रीसवर धूळ बसते आणि पंधरवड्यात पुन्हा तीच खरखर सुरू होते.

३. गुरुत्वाकर्षण मोटरपेक्षा प्रामाणिक

झुलत्या लक्ष्याला मोटर लागत नाही. मधोमध बेअरिंग, खाली वजन, वर कागद लावलेला पुठ्ठा. एका बाजूला कलवून पिन लावायची आणि ओढायची. लंबकाचा काळ त्याच्या लांबीवर ठरतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एक मीटर लांबीच्या साध्या लंबकाला जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात, पंचवीस सेंटीमीटरच्या लंबकाला एक. आपल्या लक्ष्यात वजन बेअरिंगच्या खाली आणि वर अशा दोन्हीकडे असल्याने ते याहून संथ झुलतं. वरचं वजन थोडं वाढवलं की आणखी संथ होतं. नवशिक्यांसाठी संथ, तयार मुलांसाठी खालच्या बाजूला जड.

पहिलं झुलणं दर वेळी सारखं असतं, पुढची हळूहळू आखूड होत जातात. म्हणून गुण मोजायचे ते पहिल्या दोन झोक्यांतल्या शॉटचे. मुलांना हे आधी सांगितलं की ती तिसऱ्या झोक्याची वाट बघत थांबत नाहीत.

४. वीज गेली तर काय होईल, हा पहिला प्रश्न

दोरीनंतर सगळ्यांची नजर जाते विजेच्या चुंबकाकडे. ऑफिसच्या काचेच्या दाराला असतं तसलं १२ व्होल्टचं मॅग्नेटिक लॉक बाजारात सहज मिळतं. वीज चालू असेपर्यंत ते लक्ष्याला धरतं, बटण दाबून वीज तोडली की सोडतं. दिसायला फार नीटनेटकं.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे वीज तोडल्यावरही लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं आणि हलकं लक्ष्य क्षणभर चिकटून राहतं. कधी कमी, कधी जास्त. दोन पृष्ठभागांच्या मध्ये सेलोटेपचे एकदोन थर दिले की ते पटकन सुटतं. धरण्याची ताकद थोडी कमी होते, पण आपल्याला दार राखायचं नाही, पुठ्ठा धरायचा आहे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. लाइट गेले की हे चुंबक लक्ष्य सोडून देतं. हॉल अंधारात, मुलांच्या हातात रायफली आणि समोर काहीतरी आपोआप हललं. दचकलेलं बोट ट्रिगरवर असू शकतं. म्हणून आमच्याकडे आता सोलेनॉइड आहे. त्याच्यात स्प्रिंग पिनेला आत दाबून ठेवते आणि वीज दिली तरच पिन मागे सरते. वीज गेली, वायर तुटली, अडॅप्टर जळला, काहीही झालं तरी लक्ष्य जागेवर. सोलेनॉइड बोटाच्या पेराएवढं घेऊ नये, ते तापतं आणि तापलं की मंद ओढतं. जरा मोठं घ्यावं आणि वीज फक्त क्षणभर द्यावी.

५. छर्ऱ्याकडून गोळीचं काम मागू नका

प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघितलेली मुलं पॉपर मागतात. पण तो ८५ सेंटीमीटरचा लोखंडी पाटा खऱ्या पिस्तुलाच्या गोळीसाठी बनवलेला असतो. आपला छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १७५ मीटर. नऊ मिलिमीटरच्या गोळीचा धक्का याच्या सुमारे तीसपट असतो. छर्ऱ्याने पॉपर पडणार नाही. पडावा म्हणून तो अगदी काठावर उभा केला, तर पंख्याच्या वाऱ्यानेही पडेल.

छर्ऱ्याने लक्ष्य सोडायचं असेल तर पाटा पाडायला जाऊ नये, लागलेला ठोका ऐकावा. बझरमध्ये पितळेची पातळ चकती असते, तीच पाट्याच्या मागे घट्ट चिकटवायची. छर्रा लागला की तिच्यातून बारीकसा विजेचा झटका निघतो आणि तो सर्किटला पुरतो. शेजारच्या लेनच्या ठोक्यानेही ती जागी होऊ नये म्हणून पाटा रबराच्या वॉशरवर टांगावा आणि सर्किटची पातळी थोडी वर ठेवावी.

एवढं केल्यावरही हा मार्ग मी क्वचितच उघडतो, कारण टणक लोखंडावर आपटलेल्या शिशाचे कण परत येतात. बाहेरच्या मैदानात खऱ्या गोळीसाठी सुद्धा धातूच्या लक्ष्यापासून किमान सात मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. बंद हॉलमध्ये भिंती आणि छत आणखी दिशा देतात. पाटा खालच्या बाजूला तोंड करून तिरका टांगलेला असावा, त्यावर खड्डे पडले की बदलावा, आणि त्या दिवशी हॉलमधल्या प्रत्येकाच्या, बाकावर बसलेल्या आज्जींच्यासुद्धा, डोळ्यांवर गॉगल असावा. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम तर रोजचाच.

६. आवाजावर सुटणारं लक्ष्य

बंद हॉलमध्ये नको. शेजारच्या लेनमधला शॉट, सिलिंडर भरतानाचा फुस्स आवाज, पडलेला डबा, सगळ्यांवर ते सुटतं.

७. सेन्सर अडवण्यासाठी ठेवा, सोडण्यासाठी नको

पोर्चमधले दिवे माणूस आला की लागतात, तो सेन्सर स्वस्त आहे आणि प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तो इथे लावून बघायचा असतो. तो उष्ण शरीराची हालचाल ओळखतो. चालू केल्यावर स्थिरावायला त्याला मिनिटभर लागतं आणि माणूस आल्यापासून सिग्नल देईपर्यंतचा वेळ दर वेळी वेगळा. पण तांत्रिक उणिवेपेक्षा माझा खरा आक्षेप निराळा आहे. रेंजवर कुणाच्या शरीराच्या हालचालीने लक्ष्य सुटावं हेच मला मान्य नाही. माणूस हलला की यंत्र थांबलं पाहिजे.

म्हणून तोच विचार आम्ही उलटा वापरला. फायरिंग लाइनच्या पुढे जाण्याच्या जागी, कमरेच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर, इन्फ्रारेड किरणांच्या दोन जोड्या बसवल्या आहेत. दुकानांच्या शटरला लावतात तशा. किरण तुटला की हलत्या लेनचा पुरवठा बंद होतो आणि तो चावी फिरवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. छर्रे गोळा करायला पुढे गेलेल्या मुलासमोर लक्ष्य सुटू शकत नाही. हॉलमधल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सपैकी एकच ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवीन.

८. पेडल पायाला काय शिकवतं

नेमबाजाने पायाने पेडल दाबायचं आणि लक्ष्य सुटायचं, ही कल्पना मुलांना आवडते. उभ्या रायफलच्या पोझिशनमध्ये मात्र दोन्ही पायांवरचं वजन हाच पाया असतो. पेडल दाबताना टाच उचलली जाते, कंबर सरकते आणि नेमक्या त्या क्षणी लक्ष्य सुटतं. हलणाऱ्या शरीराने सुरुवात करण्याची सवय लागली की ती जायला फार दिवस लागतात. चालत चालत पुढच्या जागी जाण्याच्या प्रकारात पेडल ठीक. आमच्या मुलांना स्वतः लक्ष्य सोडायचं असेल तेव्हा ती ‘रेडी’ म्हणतात आणि मागे उभा असलेला सोबती बटण दाबतो. सोबत्यालाही काम मिळतं आणि तो मोबाइल बघत बसत नाही.

९. मोटरला धावायला जागा द्या

दहा मीटरच्या पळत्या लक्ष्याचं माप ठरलेलं आहे. दोन मीटर रुंद मोकळी खिडकी, ती संथ फेरीत पाच सेकंदांत ओलांडायची आणि जलद फेरीत अडीच सेकंदांत. म्हणजे सेकंदाला ४० सेंटीमीटर आणि ८० सेंटीमीटर. लक्ष्य एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून येतं. कागदावर मध्यभागी नेमाची खूण आणि दोन्ही बाजूंना एकेक वर्तुळ, एक या दिशेच्या फेरीसाठी आणि दुसरं त्या दिशेच्या. लक्ष्य दिसेपर्यंत रायफलचा दस्ता कमरेशी असतो. दिसल्यावर खांद्याला लावायचा, नेम धरायचा आणि पळत्या लक्ष्याबरोबर फिरत शॉट घ्यायचा.

एवढी गाडी बनवायला फार खर्च येत नाही. वरून टांगलेल्या सरकत्या दाराचा चॅनल, त्यातली चाकं, त्याला लटकवलेला हलका ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि ओढायला वायर रोप आणि मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर. वायपर मोटर जलद गतीला मिनिटाला साठेक फेऱ्या देते. सेकंदाला एक फेरी म्हटली तर ८० सेंटीमीटर परिघाचा, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेंटीमीटर व्यासाचा ड्रम लागतो. तिच्या दोन गतींचं प्रमाण बरोबर दोनास एक नसतं, म्हणून संथ फेरीसाठी स्पीड कंट्रोलर लावावा. नुसत्या बॅटरीवर चालवली तर संध्याकाळी आठपर्यंत गती उतरलेली असते, म्हणून स्थिर पुरवठा हवा.

ही गाडी मी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडून करून घेतली. नकाशात गाडी बरोबर खिडकीच्या काठाशी उभी होती. बटण दाबलं की तिथून निघेल, असं माझ्या मनात. मिस्त्रींनी कागद बघितला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “सर, मोटर एकदम पळत न्हाई. तिला जरा धावायला जागा द्या की, मग दाखवा पोरांना.” त्यांनी चॅनल दोन्ही बाजूंना हातभर वाढवला आणि त्या भागापुढे प्लायवूडचा आडोसा लावला. गाडी आडोशामागे निघते, वेग पकडते आणि खिडकीत येते ती ठरलेल्या गतीने.

म्हणजे लक्ष्य सोडण्याचा क्षण आणि दिसण्याचा क्षण वेगळे असतात. मधला वेळ दर वेळी तेवढाच भरला पाहिजे. तो लांबायला लागला की समजायचं, चाकांत केस आणि धूळ अडकली आहे किंवा वायर रोप सैल पडला आहे. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यात बटण आणि खिडकी एकाच चौकटीत धरून बघितलं की हे दोन मिनिटांत कळतं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ही तपासणी होते.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेत. आणि स्विच चिकटला तर म्हणून त्यांच्या पुढे रबराचे जाड ठोकळे. मोटरपुढे लोखंडी पाटा, कारण नवशिक्या मुलांचे काही छर्रे तिकडे जाणारच.

१०. लक्ष्य लपवता येतं, आवाज लपवावा लागतो

हलत्या लेनवर एक मुलगी अचानक फार चांगले गुण करायला लागली. मॅडम खूश होत्या. मी तिला विचारलं, तुला लक्ष्य कधी दिसतं? तिने सरळ सांगितलं, “सर, टक् वाजलं की मी उचलते.” मोटर चालू करणाऱ्या रिलेचा तो आवाज लक्ष्य दिसण्याच्या बराच आधी येत होता. माणूस डोळ्यांपेक्षा कानाने थोडा लवकर प्रतिसाद देतो. डोळ्याने बघून हालचाल सुरू व्हायला साधारण पाव सेकंद लागतो, आवाजाला त्याहून कमी. तिने काही गैर केलं नव्हतं, तिच्या कानाने आपलं काम चोख केलं होतं. पण स्पर्धेच्या रेंजवर आमचा रिले नसणार.

तेव्हापासून मी एक तपासणी करतो. नेमबाजाने रायफल खाली ठेवायची, डोळे मिटायचे आणि लक्ष्य सुटतंय असं वाटलं की बोट वर करायचं. बोट बरोबर वेळी वर आलं तर यंत्र चुगली करतंय. मग एकेक खूण शोधायची. रिलेची पेटी नेमबाजाच्या पाठीमागे न्यायची किंवा आवाज न करणारा सॉलिड स्टेट रिले बसवायचा. मोटरखाली रबर. चॅनलवर वायर रोपची थरथर दिसते, तिच्यापुढे पट्टी. दिवा बाजूला असेल तर लक्ष्याच्या आधी त्याची सावली खिडकीत शिरते. लक्ष्यावर किमान १५०० लक्स उजेड हवाच, पण तो समोरून आणि वरून.

एक खबरदारी मात्र घ्यायची. सगळंच बेभरवशाचं करू नये. यंत्राने एक ते चार सेकंदांत केव्हाही लक्ष्य सोडावं, अशी सोय आमच्याकडे आहे आणि ती डोळे जागे ठेवायला चांगली. पण २५ मीटर पिस्तूलच्या स्पर्धेतले सात सेकंद ठरलेले असतात आणि चांगले नेमबाज ते अंगात मुरवतात. स्पर्धा जवळ आली की अनिश्चित वेळेचा स्विच बंद आणि सात सेकंदांचा चालू. हा बदल मॅडमनी सांगितल्याशिवाय मी करत नाही.

११. वळणारं लक्ष्य थरथरू नये

पिस्तुलाच्या मुलांसाठी लक्ष्य पळवायचं नसतं, नव्वद अंशांत वळवायचं असतं, तेही डोळ्याला कळेल न कळेल इतक्या झटक्यात. तसं वळवणारी स्प्रिंग जोरदार असते आणि कार्ड थांबताना पानासारखं थरथरतं. तीन सेकंदांतला अर्धा सेकंद त्यातच जातो. यावर मी बरंच सामान आणलं. शेवटी चाललं ते कपाटाच्या दाराचं साधं मॅग्नेट. कार्डाचा दांडा थांबण्याच्या जागी पोचला की मॅग्नेट त्याला घट्ट धरतं आणि कार्ड स्थिर. तीन आणि सात सेकंदांची वेळ टायमर सांभाळतो, तो यंत्राचाच असावा. माणसाच्या हाताने तीन सेकंद तीनच राहत नाहीत.

१२. रिमोट

फाटकाचे असतात तसे रिमोट मिळतात, वापरतोही. पण खिशात दाबला जातो. म्हणून भिंतीवर चावीचा स्विच आहे. चावी फिरवल्याशिवाय रिमोट मेलेला, आणि सरावानंतर चावी माझ्याकडे.

१३. लाल बटण सगळ्यांचं

सुरू करण्याचं बटण एकाच्या हाती, बंद करण्याचं मात्र सगळ्यांच्या. फायरिंग लाइनच्या दोन्ही टोकांना लाल, मोठ्या डोक्याचं बटण आहे. ते कुणीही दाबावं, नव्याने आलेल्या दहा वर्षांच्या मुलानेसुद्धा, आणि ‘स्टॉप’ असं मोठ्याने म्हणावं. का दाबलंस, असं आम्ही रागावून विचारत नाही. एकदा रागावलो की पुढच्या वेळी ते मूल गरज असतानाही दाबणार नाही.

दुरुस्तीला पुढे जायचं असेल तेव्हा क्रम ठरलेला आहे. ‘स्टॉप’, ‘अनलोड’, प्रत्येक बॅरलमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग, रायफली टेबलावर, मुलं टेबलापासून मागे, चावी काढलेली, आणि मग मी पुढे. घाई असो, फक्त कागद बदलायचा असो, यातलं काहीच गळत नाही.

१४. रायफल थांबवू नका

हे खरं तर मॅडमचं क्षेत्र, पण यंत्राजवळ बसून मला रोज दिसतं म्हणून लिहितो. छर्ऱ्याला दहा मीटर जायला सुमारे सहा शतांश सेकंद लागतो. तेवढ्यात जलद फेरीतलं लक्ष्य जवळजवळ पाच सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. नवं मूल नेम बसला की रायफल थांबवतं आणि ट्रिगर दाबतं. मग कागदावरची भोकं सगळी मागच्या बाजूला जातात, ओळीने. ट्रिगर दाबताना आणि दाबल्यानंतरही रायफल लक्ष्याबरोबर फिरत राहिली पाहिजे. हे शिकवायला सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे छर्रा न भरता सराव. लक्ष्य सोडायचं, रायफल उचलायची, फिरत राहायचं, ट्रिगर दाबायचा, आणि आडोशापर्यंत फिरतच राहायचं. शिसं वाया जात नाही, कागद लागत नाही, आणि मूल फक्त सुरुवात व शेवट याकडे लक्ष देतं. आमच्या हलत्या लेनवर छर्ऱ्याच्या फेऱ्यांपेक्षा रिकाम्या फेऱ्या जास्त होतात.

हल्ली तालुक्यातालुक्यांत शाळांनी, जिमखान्यांनी दहा मीटरचे हॉल काढले आहेत आणि तिथले क्रीडाशिक्षक हलत्या लक्ष्याबद्दल विचारायला येतात. त्यांना माझं सांगणं एवढंच. पहिल्या वर्षी मोटर आणू नका. पिन, ब्रेकची केबल आणि झुलतं लक्ष्य एवढ्यावर सुरू करा. जे पैसे वाचतील त्यातून प्रत्येक मुलासाठी गॉगल, सगळ्या रायफलींसाठी सेफ्टी फ्लॅग आणि लाल बटणं घ्या. मोटर पुढच्या वर्षी बसवा, आणि ती बसवताना एखादे जुने मिस्त्री बरोबर असू द्या.